राखीव जागा, गायरान आणि पारधी मेंबर

ग्रामपंचायतीत राखीव जागा मिळाली म्हणजे त्या समाजाला विकासकार्यात सहभाग मिळाला, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. सरकारी अहवालांनी तसे धरावे हे एक वेळ समजण्यासारखे आहे. पण चळवळीतील माणसेही याच गृहीतावर बोलू लागतात, तेव्हा ते एकदा तपासून पाहणे भाग पडते. आदिवासींच्या संदर्भात ही तपासणी मेळघाटात किंवा गडचिरोलीत करण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात ती टेंभुर्णीच्या परिसरात करावयाची आहे.

टेंभुर्णी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील गाव. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे. करमाळ्याचा, कुर्डुवाडीचा आणि पंढरपूरचा रस्ता येथेच फुटतो. जवळच भीमेवरचे उजनी धरण. १९८० मध्ये ते पूर्ण झाले, कालव्यांतून पाणी फिरले, ऊस आला, साखर कारखाने आले, औद्योगिक वसाहतही झाली. अशा मुलखात 'आदिवासींचा विकास' हा शब्द उच्चारला की ऐकणारा जरा चमकतो. आदिवासी म्हणजे डोंगर, जंगल आणि नाच, हे चित्र शाळेच्या पुस्तकाने डोक्यात पक्के बसवलेले असते. परंतु या भागात रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, गायरानाच्या कोपऱ्यात जी पाले आणि पत्र्याची खोपटी दिसतात, त्यांतला फासेपारधी हा राज्यघटनेच्या यादीप्रमाणे अनुसूचित जमातीचा माणूस आहे. गाव त्याला आदिवासी म्हणून ओळखत नाही. गाव त्याला एकाच नावाने ओळखते आणि ते नाव पोलीस ठाण्याच्या दप्तरातून आलेले आहे.

ही ओळख कोठून आली हे पाहिल्याशिवाय पुढचा प्रश्न कळणार नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ व १९२४ साली तो अधिक कडक झाला. जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरू लागला. मनुस्मृतीने जे धर्माच्या नावाने केले तेच येथे फौजदारी कायद्याच्या नावाने झाले. सोलापूर शहरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली, तेथे हजेरी लागू लागली आणि तेथली माणसे कापडगिरण्यांत मजुरीला जाऊ लागली. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली रद्द झाला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. पण सराईत गुन्हेगारांचा कायदा मुंबई राज्याने १९५९ साली पुन्हा केलाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तितर, ससा, हरिण धरणे हा गुन्हा झाला; म्हणजे जो धंदा पारध्याच्या नावातच आहे तो गेला. १९७९ मध्ये माळढोकासाठी जे अभयारण्य जाहीर झाले त्यात करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांचेही माळरान आले. पक्ष्याला राखीव क्षेत्र मिळाले. पारध्याला मात्र ते मिळाले नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात काळी-पांढरीचे, बलुत्यांचे जितके बारकाईने वर्णन आहे तितकेच 'फिरस्त्यां'चेही आहे. पण फिरस्ता हा तेथे गावावरचा भार म्हणून येतो, गावाचा घटक म्हणून येत नाही. या एका फरकात आपल्या विषयाचे बरेचसे सार आहे. महार-मांग गावाबाहेर होते, पण गावगाड्यात त्यांना स्थान होते, ते अपमानाचे असले तरी होते. वेसकराला वेशीवर जागा होती. पारध्याला वेशीबाहेरही जागा नव्हती. पंचायत राज्य आले ते या गावगाड्यावर. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, १९६१ चा जिल्हा परिषद अधिनियम आणि १९९३ पासून लागू झालेली ७३ वी घटनादुरुस्ती या तिन्ही टप्प्यांत 'गाव' ही वस्तू कोणाची, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. गावात राहतो तो गावकरी, इतकेच धरले गेले.

आता प्रत्यक्ष जागेकडे येऊ. अनुसूचित जमातींसाठी ग्रामपंचायतीतील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव असतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोलापूर जिल्ह्यात अनुसूचित जमातींची संख्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. राज्यात ती नऊ टक्क्यांच्या पुढे आहे. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या ७ पासून १७ पर्यंत. समजा, १७ सदस्यांच्या एखाद्या मोठ्या गावात जमातीचे प्रमाण २ टक्के आहे. १७ चे २ टक्के म्हणजे ०.३४. अर्धी जागाही भरत नाही, मग जागाच नाही. म्हणजे मोठ्या गावाच्या कडेला वीस-पंचवीस घरे असली तरी हिशेबात ती शून्य ठरतात. लहान गावात तेवढीच घरे असतील तर एक जागा निघते. एक. ती चक्राकार पद्धतीने प्रभागाप्रभागातून फिरते, आणि पाच वर्षांनी पुन्हा त्याच वस्तीत येईल याची खात्री नसते.

यातही जातीच्या दाखल्याचा गोंधळ आहे. पारधी, फासेपारधी, लंगोटी पारधी हे अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत. पाल पारधी व राज पारधी हे विमुक्त जातींच्या यादीत आहेत. पालावरच्या माणसाला हा भेद कोणी विचारून लिहिलेला नाही. शाळेच्या मास्तराने किंवा तलाठ्याने ज्या दिवशी जे ऐकले ते लिहिले. त्यामुळे सोयरीक असलेल्या दोन घरांत दोन वेगळे दाखले असू शकतात. विमुक्ताला पंचायतीत स्वतःची राखीव जागा नाही. तो 'नागरिकांचा मागासवर्ग' या मोठ्या गोणीत जातो आणि तेथे जमीनदार ओबीसींपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

बरे, दाखला जमातीचा निघाला. मग पडताळणी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. कायद्याने निवडून आलेल्या सदस्याला वैधता प्रमाणपत्र पूर्वी ६ महिन्यांत आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर १२ महिन्यांत द्यावे लागते. न दिल्यास सदस्यत्व आपोआप जाते. खोट्या दाखल्यांवर जमातीच्या जागा लाटणारे कमी नाहीत. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पडताळणीची सगळी पद्धतच घालून द्यावी लागली, ती उगीच नव्हे. तेव्हा पडताळणी नको असे मी म्हणणार नाही. पण १९५० पूर्वीचा सातबारा, शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद ही ज्याचे घर एका जागी होते त्याच्याकडे असते. पारध्याच्या आज्याचे नाव १९५० पूर्वी कोठे लिहिलेले असलेच तर ते सेटलमेंटच्या हजेरीत किंवा फौजदारी नोंदीत. ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरवले तोच कागद आज त्याला मेंबर ठरवण्यासाठी शोधावा लागतो. इतका क्रूर विनोद साहित्यात कोणी लिहिला असता तर टीकाकारांनी त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

इथवर जो पोचतो तो मेंबर होतो. साधारणतः एखाद्या पॅनेलने त्याला उभे केलेले असते, कारण राखीव जागेवर माणूस हवा असतो. पॅनेलचा खर्च, पॅनेलचे चिन्ह, पॅनेलचे मत. आणि तो मेंबर झाला की त्याच्यावर एक तलवार टांगलेली असते. तिच्याकडे आपल्या लेखकांचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही म्हणून ती सविस्तर सांगतो.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये सदस्याच्या अपात्रतेची कारणे दिली आहेत. २००६ साली त्यात (ज-३) हे कारण घातले गेले. ज्याने शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केले आहे तो सदस्य होऊ शकत नाही, झाला असल्यास राहू शकत नाही. तरतुदीचा हेतू चांगला होता. पुढाऱ्यांनी गावठाणाच्या मोक्याच्या जागा बळकावू नयेत, चौकात गाळे काढू नयेत यासाठी ती होती. २०१८ च्या सप्टेंबरात 'जनाबाई' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ आणखी विस्तारला. अतिक्रमण स्वतः केले नसले तरी कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमित जागेत जो राहतो, तिचा उपभोग घेतो, तोही अपात्र. म्हणजे बापाने वा सासऱ्याने बांधलेल्या घरात राहणाराही यात आला.

आता पारधी मेंबर कोठे राहतो? गायरानावर. त्याचा बाप कोठे राहत होता? गायरानावर, नाही तर त्याच्या शेजारच्या गायरानावर. त्याला दुसरी जागा कोणी दिलेली नाही. म्हणून ज्या अर्थी तो पारधी म्हणून निवडून येतो, त्याच अर्थी तो अतिक्रमणदार म्हणून अपात्र ठरू शकतो. राज्यघटनेने एका हाताने दिलेली जागा अधिनियमाच्या एका पोटकलमाने दुसऱ्या हाताने काढून घेता येते. तक्रार करायला गावातला कोणीही पुरे. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची, अपील विभागीय आयुक्तांकडे. पण प्रत्यक्षात तक्रार करण्याचीही गरज पडत नाही. तक्रार होऊ शकते एवढे त्याला माहीत असले म्हणजे पुरते. मासिक सभेत तो ज्या बाजूला बोट वर करावयाचे त्या बाजूला करतो. बाहेरचे लोक मग म्हणतात, 'आदिवासी सदस्यांचा सहभाग निष्क्रिय आहे, त्यांना प्रशिक्षणाची गरज आहे.' प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. पण ज्याच्या घराखालची जमीनच पॅनेलच्या हातात आहे त्याला सभाशास्त्र शिकवून काय होणार, हे मला कोणी सांगावे.

गायरानाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा निर्णय दिला. त्यातच अपवादही नमूद केला : भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना शासनाने जमीन दिलेली असेल तर ती नियमित करता येईल. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आदेश काढला. मूळ निकाल गावोगाव पोचला. अपवाद पोचला नाही. पुढे १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय आला. त्यानुसार १ जानेवारी २०११ पूर्वीची शासकीय जमिनीवरील रहिवासी अतिक्रमणे 'सर्वांसाठी घरे' या धोरणाखाली नियमानुकूल करता येतात, आणि त्यांची नोंद घेऊन प्रस्ताव वर पाठवण्याचे पहिले काम ग्रामपंचायतीचे. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल केलेल्या प्रकरणात गायरानावरील अतिक्रमणांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. तेव्हा शासनाने न्यायालयात दिलेला आकडा राज्यभरात सव्वादोन लाखांच्या आसपास होता. त्यात बंगलेही आहेत आणि पालेही. नोटीस मात्र दोघांना एकाच मसुद्याची जाते.

हे सर्व लक्षात घेऊन आता विकासाच्या कार्यक्रमांकडे पाहू. पारधी मेंबरने कशात भाग घ्यावयाचा? ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च केली पाहिजे, हा नियम जुना आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात अनुदानाचा ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीकडे आला, आणि २०२१ नंतर त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील होता. आदिवासी वस्त्यांसाठी ठक्कर बाप्पा वस्ती सुधारणा योजना आहे. घरांसाठी शबरी घरकुल योजना आहे. पारध्यांसाठी म्हणून आदिवासी विकास विभागाचा स्वतंत्र कार्यक्रमही आहे. कागदावर यादी तोकडी नाही.

पण यातील प्रत्येक योजनेच्या अर्जाला एक कागद लागतो, तो जागेचा. घरकुलासाठी स्वतःची जागा हवी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव हवे. नळजोडणीला घरपट्टीची पावती हवी. रस्ता-गटार करायचे तर वस्ती 'अधिकृत' हवी. ज्यांना जागा नाही त्यांनी विकत घ्यावी म्हणून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना निघाली. तिच्यात सुरुवातीस ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळे. उजनीच्या पाण्याने भिजलेल्या आणि हमरस्त्याला लागलेल्या मुलखात एवढ्या पैशात किती जमीन येते ते वाचकांनीच ठरवावे. शिवाय पैसे असले तरी पारध्याला शेजारी म्हणून जमीन विकणारा माणूस सापडावा लागतो. हा मुद्दा कोणत्याही शासन निर्णयात नाही.

ग्रामसभेचे तेच. १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणसंख्या लागते. ती न भरल्यास सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. गावोगाव खरी ग्रामसभा ही अशी तहकूबच असते. लाभार्थ्यांची यादी तिथे वाचली जाते, प्रोसिडिंग बुकात 'सर्वानुमते मंजूर' लिहिले जाते. दवंडी गावठाणात फिरते. गायरानापर्यंत ती जाण्याचे कारण तरी काय, तिथे तर अतिक्रमण आहे!

येथे गडचिरोलीकडे एकदा पाहून घेऊ. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आला. तेथे ग्रामसभाच ठरवते. १९९६ चा पेसा कायदा, २०१४ चे राज्याचे नियम आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना देण्याची व्यवस्था यांनी अनुसूचित क्षेत्रात निदान कायद्याची बाजू तरी उभी केली आहे. तेथे किमान निम्म्या जागा जमातींच्या, सरपंचही जमातीचाच, खर्चाच्या दाखल्यावर ग्रामसभेची मोहोर. प्रत्यक्षात तेथेही ठेकेदार आहेत, वनखाते आहे, हे मी विसरलेलो नाही. पण अनुसूचित क्षेत्र १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरलेले आहे आणि सोलापूर त्यात नाही. क्षेत्राला हक्क मिळाले, माणसाला नाहीत. जो आदिवासी विखुरलेला आहे, ज्याचे क्षेत्र इंग्रजांनी आणि नंतर आपण मोडून टाकले, त्याला पेसाचा काडीइतका उपयोग नाही. पंचायतीच्या दृष्टीने तो सतरांतला एक आणि तोही मिळाला तर.

डॉ. आंबेडकरांनी हे फार आधी ओळखले होते. १९३२ च्या ऑक्टोबरात मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी केवळ प्रौढ मताधिकार पुरेसा नाही, अल्पसंख्य अस्पृश्यांना पंचायतीत खास प्रतिनिधित्व पाहिजे असे बजावले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाविषयी त्यांनी काय म्हटले ते सर्वांना पाठ आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेली गोष्ट अशी की १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या ज्या समितीने अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांच्याही स्थितीची पाहणी केली, तिच्यात बाबासाहेब सदस्य होते, आणि तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे मुंबई प्रांताच्या गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटचे अधिकारी होते. अ. वि. ठक्कर, ज्यांच्या नावाने आज वस्ती सुधारणा योजना आहे, तेही तिचे सदस्य. १९३० साली तिचा अहवाल आला. अस्पृश्य आणि आदिवासी यांचे प्रश्न एका टेबलावर मांडले गेले होते. ते टेबल पुढे मोडले. दोन खाती झाली, दोन मंत्री झाले, दोन निधी झाले.

आणि येथे आपल्याविषयीही बोलले पाहिजे. गावच्या पंचायतीत अनुसूचित जातीचे दोन-तीन मेंबर असतात. दलित वस्तीच्या निधीवर त्यांचे लक्ष असते, ते असलेच पाहिजे. तो निधी लढून मिळालेला आहे. पण पारधी मेंबरच्या विषयाला सूचक-अनुमोदक होण्याची वेळ येते तेव्हा यांतील किती हात वर होतात? गावात चोरी झाली की पालावर जाणाऱ्या जमावात आपल्या वस्तीतली पोरे नसतात, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक याच सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, भिक्षेकरी. त्यांना ज्या खोलीत कोंडून मारले ती ग्रामपंचायतीची खोली होती, आणि ते गाव आदिवासींचे होते. फिरस्त्याला परका मानण्याची ही सवय सवर्णांपुरती राहिलेली नाही.

व्यवहारात करण्यासारखे जे आहे ते मोठे नाही. कलम १४ (ज-३) मध्ये भूमिहीन अनुसूचित जाती-जमातींच्या राहत्या घरापुरता अपवाद घालावा, ही मागणी जगपाल सिंग निकालातील अपवादाच्या आधारेच करता येते; ती अद्याप जोरकसपणे कोणी केलेली नाही. दरम्यान २०१८ चा शासन निर्णय हाताशी आहे. १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहणाऱ्या प्रत्येक पारधी घराची यादी मतदारयादी, शिधापत्रिका, वीजबिल, लेकराचा शाळेतला दाखला असे जे असेल ते जोडून तयार करावी आणि ग्रामसभेच्या नोटिशीपूर्वी सरपंचाकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी. 'आयत्या वेळचा विषय' म्हणून दिला तर तो वाचलाच जात नाही. अर्जावर पारधी मेंबरची एकट्याची सही असू नये, कारण तक्रारीची तलवार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे. बुद्धवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या मेंबरांच्या सह्या त्याच्या वर असाव्यात. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. तिची एक प्रत चावडीवर लागते तशी एक गायरानावर, पालाच्या बांबूला, लावून यावी.